तांब्या, बाज आणि डिझाइनची पदवी



डिझाइनच्या पदवीसाठी कॉलेज कसं निवडावं, हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा आम्ही त्यांना म्हटलं, अहो, एखादा चित्रकार बोलवा, जाहिरातवाला बोलवा. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. सरळ रेघ मारायची तर आम्हाला अजून पट्टी लागते. त्यावर ते म्हणाले, चित्रकार आपापल्या कॉलेजाचं गुणगान करतात, तुमचं कुठलंच कॉलेज नाही. युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून आलो.

खरं कारण निराळं आहे. मागल्या पावसाळ्यात केज तालुक्यातले एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बारावी झालेली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा चांगल्या ग्रेडनं पास, हात उत्तम. तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक, सरकारी कला महाविद्यालयात उपयोजित कलेची जागा, म्हणजे बी.एफ.ए. दुसरा, एका खाजगी विद्यापीठात बी.डेस. दुसऱ्याचा हिशोब फी, वसतिगृह, लॅपटॉप, साहित्य धरून चार वर्षांचे वीस लाखांच्या घरात जात होता. वडील म्हणाले, “सर, एक एकर काढावं म्हणतो. सडकंला लागून हाय, गिऱ्हाईक बी आलंय. पर आधी इचारावं म्हणलं, हे डिझाइन म्हंजी काय? अन् दोन्हीकडं एकच शिकवतेत का येगळं?”

आम्हाला या माणसाचं कौतुक वाटलं. शिकलेले पालक येतात ते पहिला प्रश्न ‘पॅकेज किती’ असा करतात. यांनी आधी विचारलं, वस्तू काय आहे. बैल घेताना आधी दात बघतात, तसं. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच आज जरा विस्तारानं सांगतो.

आता पाच मिनिटं प्लेटोला द्या. ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात त्यानं पलंगाचं उदाहरण घेतलंय. आपण आपली बाज धरू. एक सुतार बाज करतो. एक चित्रकार त्या बाजेचं चित्र काढतो. चित्रकाराला बाजेवर झोपता येते का, तिचे पाय डगमगतात का, याच्याशी कर्तव्य नाही. ती दिसते कशी, एवढंच. प्लेटोला चित्रकारांविषयी मुळातच अढी होती, तो भाग सोडून द्या. त्यात तो चुकला असं आमचं मत आहे. पण पुढे तो एक फार मोलाची गोष्ट सांगतो. कोणत्याही वस्तूच्या बाबतीत तीन माणसं असतात. ती वापरणारा, ती करणारा आणि तिची प्रतिमा काढणारा. यात खरं ज्ञान कुणाला? वापरणाऱ्याला. बासरी चांगली की वाईट हे वाजवणारा सांगतो आणि करणाऱ्यानं त्याचं ऐकायचं असतं. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल हेच दुसऱ्या शब्दांत म्हणतो, की जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा पंगतीला बसलेल्याला जास्त असते.

आपल्या प्रश्नाची किल्ली इथंच आहे. चित्रकलेचं शिक्षण हे बघायला शिकवतं. त्यात कलावंताची स्वतःची दृष्टी मुख्य. डिझाइनचं शिक्षण वापरणाऱ्यापासून सुरू होतं, किंवा व्हायला पाहिजे. त्यात तुमची दृष्टी कितीही सुंदर असो, बाजेवर झोपणाऱ्याची पाठ दुखली तर तुम्ही नापास. आणि उपयोजित कला, जिला पूर्वी कमर्शियल आर्ट म्हणत, ती या दोहोंच्या मधली. तिथं वापरणारा म्हणजे वाचणारा, बघणारा. जाहिरात, पुस्तकाचं मुखपृष्ठ, औषधाच्या खोक्यावरची अक्षरं. अक्षर देखणं आहे, पण आजीबाईला गोळी सकाळची की रात्रीची हे कळलं नाही, तर ते अक्षर वाया गेलं.

‘हात चांगला आहे, डिझाइनला घाला’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. हात लागतो, पण हातावर भागत नाही. ज्या मुलाला दुसऱ्याची अडचण दिसते, घरातल्या झाकणाला फडकं का बांधावं लागतं याचा ज्याला विचार पडतो, ते पोरगं या वाटेचं. उलट ज्याला तासन् तास एकट्यानं रंगात बुडून राहायचं असतं, त्याला बी.डेस.ला घालू नका. तो चित्रकलेचा आहे आणि चित्रकला काही कमी प्रतीची नाही.

आता तांब्या. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर पती-पत्नींनी भारत सरकारला एक अहवाल दिला. छोट्या उद्योगांतल्या वस्तूंचा दर्जा कसा राखावा, हा प्रश्न होता. ते देशभर हिंडले, अनेक वस्तू पाहिल्या आणि सगळ्यात थोर वस्तू म्हणून त्यांनी कशाची निवड केली? लोट्याची, म्हणजे आपल्या तांब्याची. त्यांनी विचारलं, हा तांब्या नव्यानं घडवायला बसलं तर कशाकशाचा विचार करावा लागेल? पाणी किती मावावं, भरलेला असताना तोल कसा राहावा, कमरेवर घेतला तर कसा बसेल, डोक्यावर घेतला तर कसा, ओतताना धार कशी पडेल, आतून हात घालून घासता येईल का, धातू तापला तर हाताला काय, पडला तर आवाज काय, किंमत काय, मोडीत काय येईल. मग म्हणाले, हा कुणा एकानं घडवलेला नाही; पिढ्यान् पिढ्यांनी थोडं थोडं सुधारत आणलेला आहे. आपल्या घरात देवळीत पडलेला तांब्या, आणि त्याची थोरवी सांगायला माणसं आली अमेरिकेतून! असो.

त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा. पुढे १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं, त्यालाच आयडीसी म्हणतात. रुपयाचं जे चिन्ह २०१० साली सरकारनं स्वीकारलं, ते घडवणारे उदय कुमार तिथंच संशोधन करत होते. १९८६ साली वस्त्र आणि फॅशनसाठी निफ्ट निघाली. तिचं मुंबईचं केंद्र खारघरला आहे. पुण्याकडे खाजगी संस्था आल्या त्या २००० नंतर.

दुसरं घराणं याहून शंभर वर्षांनी जुनं. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ साली मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. गंमत म्हणजे त्यामागचा हेतू मोठे चित्रकार घडवावेत असा नव्हता. कारागिरांचा हात सुधारावा, असा होता. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये तिथं शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या भिंतीवरची शिल्पं त्यांची. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं आपल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. पुढे १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९५८ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. म्हणजे ज्या वर्षी ईम्स अहवाल लिहित होते, त्याच वर्षी. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या, पण त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या असं नाही. र. कृ. जोशी यांचं उदाहरण घ्या. शिक्षण जे.जे.च्या उपयोजित कलेचं, अध्यापन आयआयटीच्या आयडीसीत. संगणकावर वर्षानुवर्षं आपण ज्या ‘मंगल’ अक्षरांत मराठी वाचलं, ती अक्षरं त्यांची. ते अमुक कॉलेजाचे की तमुक, हा प्रश्न तिथं गैरलागू होतो.

२०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिथल्या प्रवेशाची रीत, अभ्यासक्रमाची नावं जुनी धरून चालू नका. मामा तिथं शिकला होता म्हणून मामाला विचारून भागणार नाही. त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका वाचावी लागेल.

आता एक कडू गोष्ट. त्या मुलीला आम्ही विचारलं, बाळ, यूसीड दिलीस का? तिनं नावच ऐकलं नव्हतं. यूसीड ही आयआयटी मुंबई घेते ती परीक्षा, आयआयटींमधल्या बी.डेस.साठी. बारावी कोणत्याही शाखेची चालते, कलाशाखेचीसुद्धा. हे इथं बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं, हात वर करू नका, आम्हीच लाजू. परीक्षा जानेवारीत होते, अर्ज त्याच्या आधीच्या ऑक्टोबराच्या सुमारास निघतात. एनआयडीची पहिली फेरीही हिवाळ्यातच. तिची पुढची फेरी प्रत्यक्ष हातानं करून दाखवण्याची असते. यूसीड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते आणि शेवटी चित्राचा भाग असतो.

आपल्याकडे काय होतं? दिवाळीला अर्धं गाव कारखान्यावर ऊसतोडीला गेलेलं असतं, शाळेत प्रॅक्टिकलची घाई. निकाल लागतो, पेढे वाटतात आणि मग जूनमध्ये विचारतात, सर, पुढं काय करावं? तोवर देशातल्या या चांगल्या संस्थांची गाडी पाच-सहा महिन्यांपूर्वीच सुटलेली असते. उरते ती राज्याची कला-सीईटी, तीही देऊन ठेवली असेल तर, आणि खाजगी विद्यापीठं. ती मात्र ऑगस्टपर्यंत फोन करत राहतात. पोरगी हुशार असून तिच्यापुढे दोनच पर्याय का उरले, तर तिला कुणी ऑक्टोबरात सांगितलं नाही म्हणून. यात तिचा काय दोष?

आता पैशाचं बोलू, कारण एकर त्यावरच टांगलेला होता. सरकारी कला महाविद्यालयाची फी ही खाजगीच्या तुलनेत किरकोळ असते. एनआयडी सरकारी आहे खरी, पण तिची फी स्वस्त नाही. वर्षाला लाखांतच जाते. आयआयटीत उत्पन्नानुसार शिक्षण शुल्कात सूट मिळते. राज्य शासनानं २०२४ मध्ये निर्णय घेतला, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना वेगळ्या आहेतच. पण यात एक मेख आहे. ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत. जाहिरातीत ‘शिष्यवृत्ती उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं. ती कुणाची, किती, आणि चारही वर्षं की पहिल्याच, हे लेखी मागा. त्या शेतकरीदादांना वाटत होतं की मुलींना फी माफ आहे ती सगळीकडेच. तसं नाही, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

खाजगी म्हणजे वाईट, असं आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी कार्यशाळा उत्तम आहेत, शिक्षक बाहेर काम करून आलेले आहेत. आमचं म्हणणं एवढंच, की जमीन एकदा गेली की परत येत नाही आणि डिझाइनच्या शिक्षणाला दुसरा दरवाजा आहे. सीड नावाची परीक्षा आहे, एम.डेस.साठी. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका असली की देता येते, बी.एफ.ए. चालतंच, जी.डी. आर्ट झालेल्यांनाही एक वर्षाच्या कामाच्या अनुभवावर देता येते. ती कितीही वेळा द्या, बंधन नाही. म्हणजे सरकारी कॉलेजात चार वर्षं उपयोजित कला मन लावून शिकायची आणि मग आयडीसीसारख्या ठिकाणी दोन वर्षांसाठी जायचं. ही वाट लांबची वाटते, पण बुजुर्गांपैकी अनेकजण साधारण अशाच वाटेनं गेले आहेत.

इथं आमची एक चूक कबूल करतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आष्टीकडचा एक मुलगा असाच आला होता. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संस्थेत त्याला जागा मिळाली होती. आम्ही काही न बघता म्हणालो, “नाव मोठं आहे, घेऊन टाक.” थोरल्या भावानं कर्ज काढलं. मुलाचं काम चांगलं होतं. पण तिथं दर काही आठवड्यांनी ज्यूरी असते. म्हणजे आपलं काम भिंतीवर लावायचं आणि चार परीक्षकांसमोर ते असं का केलं हे बोलून पटवायचं. इंग्रजीत. त्याच्या डोक्यात कारणं स्वच्छ होती, तोंडातून निघेनात. शेजारचा मुलगा सुमार काम घेऊन दहा मिनिटं बोलायचा. दुसऱ्या वर्षी हा परत आला तो आलाच. कर्ज भावानं फेडलं. आम्ही त्याला एकच गोष्ट विचारायला हवी होती, की तिथं मराठी बोलणारा, गावाकडून आलेला एक तरी मुलगा वरच्या वर्गात आहे का, आणि त्याला भेटलास का? ते विचारलं नाही. नावावर गेलो.

म्हणून आता कुणी आलं की आम्ही सांगतो, आधी जाऊन या. दोन दिवस मोडा, एसटीनं जा, पण कॉलेज डोळ्यांनी बघा. प्रवेशाच्या खिडकीवर बघण्यासारखं काही नसतं. वर्गांच्या मागे जा. वार्षिक प्रदर्शन लागलं असेल तर सोन्याहून पिवळं. पहिल्या नंबराचं काम बघू नका, ते सगळीकडे चांगलंच असतं. जो पोरगा कसाबसा पास झाला त्याचं काम बघा. कॉलेजानं काय दिलं ते तिथं कळतं. कार्यशाळा बघा. यंत्रांवर धूळ आहे का भुसा आहे? संध्याकाळी ती उघडी असते का? कायमचे शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे शिपायाला विचारलं तरी तो खरं सांगतो. तासिकेवरचा शिक्षक वाईट शिकवतो असं नाही, पण पुढच्या वर्षी तो तिथं असेलच असं नाही. आणि हा विषय शेजारी बसून शिकण्याचा आहे. आम्ही हेगेल फळ्यावर शिकवू शकलो. अक्षराचा बाक कसा असावा हे फळ्यावर शिकवता येत नाही.

पदवी कोण देतं हेही बघा. भिंतीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेलं असतं आणि हातात पडतं कुठल्याशा परराज्यातल्या विद्यापीठाचं प्रमाणपत्र. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे का, हे मोबाईलवर दोन मिनिटांत दिसतं.

आणि तिथल्या मुलांना एक प्रश्न विचारा: तुमच्या शेवटच्या कामासाठी तुम्ही कुणाला भेटलात? चांगल्या ठिकाणचा मुलगा सांगतो, भाजीवालीला भेटलो, दवाखान्यात आठवडाभर बसलो, आंधळ्यांच्या शाळेत गेलो. दुसरीकडचा सांगतो, इंटरनेटवर बघितलं. वापरणारा माणूस वर्गात येतो की नाही, ही प्लेटोची परीक्षा. ती सरकारी आणि खाजगी दोघांनाही सारखीच लावा. तिथं आमच्या पोरांची बाजू लंगडी नाही, उलट भारी आहे. टँकर आला की ड्रम, कळशा, हंडे यांची रांग कशी लागते, उसाच्या फडावर कोपीत सहा महिने संसार कसा मांडतात, कोयत्याची मूठ हाताला कुठे लागते, हे त्यांना अहवाल वाचून कळलेलं नाही. शहरातल्या मुलाला ते शोधायला प्रकल्प घ्यावा लागतो. फक्त हे ज्ञान आहे, हे आपल्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. ती ते लपवतात.

प्रवेश मिळाला नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. आर. के. लक्ष्मण यांना जे.जे.नं प्रवेश नाकारला होता. तुमच्या अंगी आमच्या संस्थेला लागणारे गुण नाहीत, अशा अर्थाचं पत्र आलं होतं, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. अर्थात प्रत्येक नाकारलेला लक्ष्मण होत नाही, हेही खरं.

तर ती मुलगी. बापलेक दोन्ही ठिकाणी जाऊन आले. खाजगी विद्यापीठाची इमारत बघून वडील दिपून गेले होते, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पोरीला मात्र तिथं एक गोष्ट खटकली. ती म्हणाली, “सर, सगळे नमुने काचेच्या कपाटात होते. हात लावू देईनात.” सरकारी कॉलेजात तिला तिसऱ्या वर्षाची, आपल्याच भागातली एक मुलगी भेटली. तिनं तिला खोलीवर नेलं, जेवू घातलं, कागद कुठे स्वस्त मिळतो ते सांगितलं, आणि कुठले सर चिडतात पण शिकवतात तेही सांगितलं. आम्ही सल्ला दिला नाही. एकदा हात पोळलेला आहे. फक्त सीडचं सांगितलं आणि म्हटलं, निर्णय तुझा.

तिनं सरकारी जागा घेतली. बरोबर केलं की नाही हे आज सांगता येणार नाही. चार-सहा वर्षं जातील. दिवाळीत आली होती. ज्वारीच्या बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरं आईला वाचता येत नाहीत म्हणून तिनं नवी पिशवी करून बघितली होती. आईला दाखवली, तर आई म्हणाली, अक्षर दिसतंय गं, पण पिशवी फाडायची कुठून ते कळंना. पोरगी वैतागली होती. आम्ही विचारलं, मग? म्हणाली, “मग काय, परत करतेय.”

आता पाणी पिऊन घेतो. ज्यांची मुलं अकरावीत किंवा बारावीत आहेत त्यांनी उठू नका. वह्या काढा, कुठले अर्ज कधी निघतात ते एकदा नीट लिहून घेऊ. मग प्रश्न विचारा.